आईचं वय ७७ आहे हे खरं, पण ऑपरेशनचा निर्णय वयावर घेऊ नका

प्रश्न: डॉक्टर, नमस्कार. मी फोंड्याला असते, माहेर डिचोलीचं. आई ७७ वर्षांची, डिचोलीला वहिनी आणि नातवंडांजवळ राहते, वहिनी नोकरी करते, भाऊ कुवेतला नोकरीला. आईला शुगर, बीपी दोन्ही आहे आणि गुडघे बरीच वर्षं दुखतायत. बाबा गेल्यापासून ती खूपच उतरलीय, वर्षभरात वजन ५८ वरून ५२ वर आलं, थोडं चालली की दमून बसते, मार्चपासून दोनदा पडली, नशिबाने हाड मोडलं नाही. एक ऑर्थोपेडिक डॉक्टर म्हणाले दोन्ही गुडघे एकदम बदलून टाकूया, दुसरे म्हणाले या वयात कशाला, गोळ्या घ्या आणि आराम करा. भाऊ म्हणतो चवथीला (गणेशचतुर्थीला) महिन्याभराच्या सुट्टीवर येतोय तेव्हा उरकून टाकू. आईला विचारलं तर म्हणते तुम्ही ठरवाल ते, फक्त माघात कवळ्याच्या शांतादुर्गेच्या जत्रेला माझ्या पायांनी फिरायला मिळालं तर बरं. ऑपरेशन करावं की नको, मला काहीच सुचत नाहीये. (फोंड्याची एक लेक)

उत्तर:

ताई, तुम्ही विचारलंय गुडघ्यांबद्दल पण तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त टोचलं ते वजन. ५८ चं ५२ म्हणजे सहा किलो, आणि तेही डाएट बिएट काही न करता. म्हातारपणात माणूस थोडं वाळतंच असं आपल्याकडे सगळे धरून चालतात, ते धरून चालू नका. वर्षभरात आपोआप पाच टक्क्यांपेक्षा जास्त वजन गेलं तर डॉक्टरने कारण शोधायलाच हवं, आणि तुमच्या आईचं तर दहा टक्क्यांच्या वर गेलंय. त्यामुळे ऑपरेशन करायचं का हा प्रश्न आज बाजूला ठेवा, तो दोन अडीच महिन्यांनी घेऊ. चवथीपर्यंत तेवढा वेळ आहे आपल्याकडे आणि गुडघेबदल ही काही घाईची शस्त्रक्रिया नव्हे, तेवढं थांबल्याने काही बिघडत नाही.

दोन डॉक्टरांनी दोन टोकाची मतं दिली म्हणून तुम्ही गोंधळलात, साहजिक आहे. पण तुमच्या पत्रावरून तरी असं दिसतं की एकाने एक्सरे बघून सांगितलं आणि दुसऱ्याने वय बघून, आणि आई खुर्चीतून कशी उठते, दारापर्यंत कशी चालते, काय जेवते, हे कोणी बघितलं असं तुम्ही कुठे लिहिलेलं नाही. मला हेच बघायचंय. कारण ७७ वर्षांच्या दोन बायका घ्या, एक्सरे सारखा, शुगर सारखी, ऑपरेशन करणारा सर्जन तोच, आणि एक चौथ्या पाचव्या दिवशी वॉकर घेऊन घरी येते आणि तीन महिन्यांत बाजारात दिसते, दुसरीला मात्र जखमेत इन्फेक्शन होतं, रात्री भ्रम होतो, मुक्काम लांबतो आणि घरी आल्यावर ती पलंगावरून उठतच नाही. दवाखान्यात बसून मी हे इतकी वर्षं बघतेय. फरक बऱ्याचदा वयात नसतो, शरीरात शिल्लक किती आहे त्यात असतो. ही शिल्लक कमी होण्याला डॉक्टर लोक फ्रेल्टी म्हणतात आणि ती मोजता येते.

२००१ साली अमेरिकेत लिंडा फ्राइड यांच्या टीमने पाच खुणा सांगितल्या, आजही त्या वापरल्या जातात. आपोआप वजन कमी होणं, सारखा थकवा, हाताच्या पकडीतला जोर जाणं, चाल मंदावणं आणि एकंदर हालचाल कमी होणं. पाचातल्या तीन किंवा जास्त असतील तर माणूस फ्रेल, एक किंवा दोन असतील तर त्या वाटेवर. तुमच्याच पत्रातून आईचं वजन गेलंय, ती दमते, आणि थोडं चालून बसते म्हणजे हालचालही कमीच असणार, त्यातलं गुडघ्याच्या दुखण्यामुळे किती आणि ताकद गेल्यामुळे किती ते समोर बघूनच कळेल. आणि अशा माणसाला ऑपरेशननंतर कॉम्प्लिकेशन्स जास्त होतात, हॉस्पिटलात जास्त दिवस राहावं लागतं, घरी आल्यावर परत स्वतःचं स्वतः करण्याइतकं सुधारणं कठीण जातं, हे एका नाही अनेक अभ्यासांत दिसलंय.

म्हणून ऑपरेशन नकोच असं मी म्हणत नाहीये, हे नीट वाचा. फ्रेल्टी बरीचशी मागे फिरवता येते, विशेषतः लवकर पकडली तर, आणि मला तुम्हाला मनापासून सांगायचंय ते हेच आहे. तुमच्या भावाला एवढंच सांगा.

आधी घरी दोन गोष्टी मोजा. पुढच्या वेळी डिचोलीला जाल तेव्हा हात नसलेली टणक खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, आईला दोन्ही हात छातीवर घडी करून बसवा आणि पाच वेळा पूर्ण उभं राहून परत बसायला सांगा, तुम्ही जवळ उभ्या राहा आणि मोबाईलवर सेकंद मोजा. पंधरा सेकंदांच्या वर गेलं तर पायात जोर कमी आहे, आणि हात टेकवल्याशिवाय उठताच आलं नाही तर तेही लिहून ठेवा, जबरदस्ती नको. मग हॉलमध्ये टेपने चार मीटर मापून नेहमीच्या चालीने चालायला सांगा, पाच सेकंदांपेक्षा जास्त लागले तर चाल मंद झालीय. हे आकडे वहीत तारखेसकट लिहा आणि दर पंधरा दिवसांनी परत मोजा. डॉक्टरकडे जाताना ही वही न्या, कुठल्याही डॉक्टरला ‘आई खूप अशक्त झालीय’ या वाक्यापेक्षा ‘मेमध्ये पाच वेळा उठायला २४ सेकंद लागत होते’ हे वाक्य जास्त उपयोगाचं असतं.

आता वजनाचं कारण. थायरॉइड, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन (किडनीसाठी), एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), बी१२, व्हिटॅमिन डी, छातीचा एक्सरे, हे तुमच्या फिजिशियनकडून करून घ्या, त्यात काही सापडलं तर पुढचं ते बघतील. शुगरची मेटफॉर्मिन ही गोळी जास्त वर्षं चालू असेल तर बी१२ कमी झालेलं असू शकतं, त्याने थकवाही येतो आणि पायाला मुंग्याही. पण तपासण्यांच्या आधी मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत ज्या कुठल्याच रिपोर्टमध्ये येत नाहीत.

एक, आईला कवळी असेल तर ती बसते का नीट? वजन उतरलं की हिरड्या पण आक्रसतात आणि कवळी सैल होते, मग चपाती चावत नाही, मासा चावत नाही, बाई कोणाला काही सांगत नाही आणि दोन्ही वेळा पेज आणि लोणचं खाऊन उठते. माझ्याकडे अशा कितीतरी आज्या येतात. सोबतची सून सांगते, ‘डॉक्टर, जेवते तशी व्यवस्थित’, आणि ताटात काय असतं विचारलं तर पेज. डेंटिस्टकडे एक फेरी मारा, फार खर्चाचं काम नाही.

दोन, ती कोणाबरोबर जेवते? बाबा गेल्यापासून उतरली असं तुम्हीच लिहिलंय. पन्नासेक वर्षं दोघं समोरासमोर बसून जेवली असतील आणि आता वहिनी कामावर, मुलं शाळेत, दुपारी ती एकटीच. उतारवयातलं डिप्रेशन रडण्यातून दिसतंच असं नाही, ते अन्नावरची वासना जाण्यातून दिसतं, कशातच रस नसण्यातून, ‘तुम्ही ठरवाल ते’ म्हणण्यातून. याला उपचार आहेत, डॉक्टरना स्पष्ट सांगा की वडील गेल्यापासून हे सुरू झालं.

खाण्याचं म्हणाल तर तिच्या वजनाला रोज साठ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन हवं, म्हणजे किलोमागे साधारण १.२ ग्रॅम. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर मात्र आधी डॉक्टरला विचारूनच. आता अडचण अशी की जून जुलै ट्रॉलर बंद असतात, मासळी मिळत नाही आणि मिळाली तर परवडत नाही, सुकी मासळी खारट, बीपीवालीला ती रोज देऊन चालणार नाही, आणि बंदी उठेपर्यंत श्रावण. म्हणजे नेमके तयारीचे दोन अडीच महिने ताटात मासा नाही. त्यामुळे आतापासून ठरवून ठेवा, श्रावण लागेपर्यंत सकाळी पेजेबरोबर दोन अंडी (अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रोटीन असतं), दुपारी अळसांद्याचं (चवळीचं) तोणक किंवा मुगाची गाठी वाटीभर नव्हे तर दोन वाट्या, चार वाजता चहाच्या ऐवजी कपभर दूध किंवा नाचणीचं तिझन दुधात केलेलं आणि साखर गूळ न घातलेलं, रात्री दही आणि पनीरचे दोन तुकडे. श्रावणात अंडी नको म्हणाली तर दूध, दही, पनीर वाढवा. एका वेळी तिला जास्त जात नसेल तर पाच वेळा थोडं थोडं द्या. फिजिशियन हो म्हणाले तर प्रोटीन पावडरही चालेल पण सगळी भिस्त तिच्यावर नको.

आणि नुसतं खाऊन होत नाही, हे पण सांगते. १९९४ मध्ये बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात शंभर जणांवर अभ्यास झाला होता, सरासरी वय ८७, बरेचसे काठी वॉकरवाले. दहा आठवडे पायांना वजन लावून व्यायाम करून घेतला तर स्नायूंची ताकद दुपटीपेक्षा जास्त झाली, जिने चढणं सुधारलं, आणि ज्यांना व्यायामाशिवाय फक्त पौष्टिक सप्लिमेंट दिलं त्यांना त्याचा काही उपयोग झाला नाही. ८७ वर्षांची माणसं हो! तुमची आई त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आहे. उलट बाजू बघायची तर २००७ चा एक अभ्यास आहे, साठीच्या पुढच्या चांगल्या निरोगी लोकांना दहा दिवस फक्त पलंगावर ठेवलं तर पायांचा जवळजवळ एक किलो स्नायू गेला. म्हणून दुसऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्यातल्या ‘आराम करा’शी माझं अजिबात पटत नाही. गुडघा दुखतो म्हणून चालायचं नाही, चालत नाही म्हणून मांडीचा स्नायू जातो, तो गेला की सगळा भार सांध्यावर येतो आणि गुडघा आणखी दुखतो.

फिजिओथेरपिस्ट गाठा, डिचोलीला घरी येणारा मिळाला तर उत्तमच, नाहीतर जीएमसीला (गोवा मेडिकल कॉलेजला) बांबोळीला किंवा म्हापशाला जिल्हा हॉस्पिटलला जाऊन एकदा व्यायाम नीट शिकून घ्या. खुर्चीतून उठबस, ओट्याला धरून टाचा वर करणं, बसल्या बसल्या पाय सरळ करून धरून ठेवणं आणि मग हळूहळू घोट्याला अर्धा किलोची वाळूची पिशवी, आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सुट्टी. पहिले पंधरा दिवस कुरकुर होईल, थोडं दुखेल, तेवढ्यावर सोडू नका, पण सांधा सुजला किंवा छातीत दुखलं, धाप लागली तर थांबून विचारा. गुडघ्याच्या संधिवातावर हाच पहिला उपचार आहे, ऑपरेशन त्यानंतर येतं. काही जणींचं दुखणं यानेच इतकं कमी होतं की ऑपरेशन पुढे ढकलता येतं.

वहिनीला माझ्याकडून एक निरोप द्या, रागाने नाही, प्रेमाने. सासूच्या हातातलं सगळं काम काढून घेऊ नको. फुलं काढणं, तुळशीला पाणी, दारावर पोदेर (पाववाला) आला की उठून पाव घेणं, हे तिचं तिलाच करू दे. बसून रहा म्हणणं ही माया आहे पण तिच्या पायांना ती महाग पडतेय.

गोळ्यांची पिशवी, सगळीच्या सगळी, बंद केलेल्यासुद्धा, फिजिशियनसमोर ओता. दोनदा पडलीय म्हणजे मला आधी शंका गोळ्यांची. शुगरची ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू आहे आणि जेवण कमी झालंय तर साखर एकदम खाली जाऊन माणूस पडतो, सहा किलो वजन गेल्यावर जुने डोस तसेच चालू ठेवणं बरोबर नाही. बीपी बसून आणि मग उभं राहून तीन मिनिटांच्या आत परत मोजायला सांगा, वरचा आकडा २० ने किंवा जास्त खाली आला तर उठल्या उठल्या चक्कर त्यामुळेच. झोपेसाठी अल्प्राझोलामसारखी गोळी घेते का ते बघा, पण ती एकदम बंद करू नका, डॉक्टरच्या सांगण्याने हळूहळू कमी करा. गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या पेनकिलर, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, या बीपी वाढवतात, किडनीला त्रास देतात, पोटात अल्सर करतात, त्या रोज घेणं थांबवा. डोळ्यांत मोतिबिंदू असेल तर तो आधी काढून घ्या, दिसलं नाही तर नवा गुडघा काय कामाचा.

आणि पाऊस सुरू झालाय. जुन्या घरांत न्हाणीघर मागच्या अंगाला असतं, अंगणात शेवाळ चढतं, चिऱ्याच्या पायऱ्या गुळगुळीत होतात. शेवाळ घासून काढा, बाथरूममध्ये कमोडजवळ भिंतीला स्टीलचा दांडा लावून घ्या, रात्रीचा लहान दिवा, पायात मागे पट्टा असलेली चप्पल. हे या रविवारीच करा. कारण या सगळ्यात ती पडून खुब्याचं हाड मोडलं तर सगळं गणितच बदलतं, आणि तेव्हा मात्र ‘वय झालंय, बघू चार दिवस’ करत थांबू नका, खुब्याच्या फ्रॅक्चरचं ऑपरेशन शक्य तितकं पहिल्या दोन दिवसांत व्हावं लागतं, थांबण्यानेच माणसं जातात.

आता भावाच्या सुट्टीचं. तो लांब राहतो, आईचं करायची त्याला तळमळ आहे, सुट्टी मिळते तेव्हाच मिळते, सगळं मान्य. पण हिशोब बघा, गुडघ्याचं ऑपरेशन होऊन चार पाच दिवसांत घरी सोडतात आणि खरं काम त्यानंतर सुरू होतं, सहा ते बारा आठवडे रोज व्यायाम, वॉकर, उठवणं, आंघोळ, आणि पूर्ण फायदा दिसायला सहा महिने ते वर्ष. भाऊ महिन्याभरात परत जाणार. मग हे सगळं कोण करणार, वहिनी, नोकरी आणि मुलं सांभाळून? तिला कोणी विचारलंय का? कुठलीही तारीख ठरवायच्या आधी तिला विचारा आणि तुमच्या दोघींमध्ये वाटणी करा, एखादी बाई ठेवावी लागली तर तिचा पगार भावाने द्यावा, त्यात संकोच नको.

दोन्ही गुडघे एकदम करायला मी तरी तुमच्या आईसाठी हो म्हणणार नाही. रक्त जास्त जातं, हृदयावर ताण जास्त येतो, आणि आधाराला एकही धड पाय राहत नाही, अशक्त माणसाला हे झेपत नाही. करायचाच झाला तर जो जास्त त्रास देतो तो एक, दुसरा काही महिन्यांनी. हिमोग्लोबिन आणि शुगर आधी आटोक्यात यायला हवी, नाहीतर इन्फेक्शनचा धोका वाढतो. आणि हेही माहीत असू दे की सगळं नीट झालं तरी गुडघा बदललेल्यांपैकी साधारण पाचातला एक जण पुरता समाधानी नसतो.

चवथीच्या आधी सर्जनकडे परत जा, आईला घेऊन, वही घेऊन. विचारा की माझ्या आईची आजची ताकद बघता तीन महिन्यांनंतर ती कुठवर येईल असं तुम्हाला वाटतं, ऑपरेशन नाहीच केलं तर कुठवर येईल, आणि वाईटात वाईट काय होऊ शकतं. हे प्रश्न आईसमोर विचारा आणि उत्तर मिळाल्यावर तिला बोलू द्या, मध्ये तुम्ही बोलू नका. ‘ठरवाल ते’ म्हणणाऱ्या बाईने जत्रेचं तुम्हाला सांगितलंय ना, तेच सर्जनलाही तिने स्वतः सांगायला हवं, कारण काठी घेऊन तासभर फिरता येणं एवढंच हवं असेल तर त्याचा मार्ग वेगळा असू शकतो.

ऑपरेशन ठरलंच तर एक गोष्ट भावाला आधीच सांगून ठेवा. म्हाताऱ्या माणसांना ऑपरेशननंतर दोन चार दिवस भ्रम होऊ शकतो, रात्री भलतंच बोलतात, सलाईन ओढतात, मुलालाही ओळखत नाहीत, आणि घरचे घाबरून जातात की आईला वेड लागलं. बहुतेकांचं ते उतरतं. चष्मा, कवळी, कानाचं मशीन लगेच परत लावायला द्या, दिवसा खिडकीचा पडदा उघडा, घरचं माणूस उशाशी बसू द्या, लघवीची नळी गरज संपली की काढायला सांगा, दुसऱ्या दिवसापासून उभं करा. पहिल्या काही रात्री भाऊच थांबू दे आईजवळ, त्याची सुट्टी तिथे सगळ्यात कामाला येईल.

खर्चाचं, तुमच्याकडे गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेलच. शिवाय ७० वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतमध्ये वर्षाला पाच लाखांपर्यंतचं कव्हर ऑक्टोबर २०२४ पासून मिळतं. आधार घेऊन आईचं कार्ड आताच करून ठेवा, आणि त्या हॉस्पिटलमध्ये कुठलं कार्ड चालतं, इम्प्लांटचे पैसे त्यात येतात का वेगळे, हे काउंटरवर लेखी घ्या. पहिल्या पंधरा दिवसांचे आकडे झाले की मला परत लिहा, वजन आणि खुर्चीचे सेकंद दोन्ही, आणि कवळीचं काय झालं तेही.